आरोग्य-विचार : अळंबीच्या डबीत काय आहे?

काचीगुड्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. वय एकसष्ट. अडीच वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली; मागाहून केमोथेरपी आणि किरणोपचारही पार पडले. आता रोज लेट्रोझोलची एक गोळी, आणि ती पाच वर्षे घ्यावयाची आहे. सहा महिन्यांनी एकदा तपासणी असते. त्या लिहितात, ‘‘सगळे ठीक आहे असे डॉक्टर सांगतात. पण सकाळी उठताना गुडघे आणि हाताची बोटे धरतात, आणि मनात सारखे येते की आता आपल्यासाठी कोणी काही करीत नाही. माझ्या चुलत जाऊबाई औषधी अळंबीची भुकटी विकतात. तिने प्रतिकारशक्ती वाढते आणि रोग उलटत नाही, असे त्यांचे म्हणणे. महिन्याला साडेचार हजार रुपये होतात. गोळीऐवजी ही भुकटी घेतली तर चालेल काय? जाऊबाईंना नाही म्हणणे जड जाते.’’

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते थांबण्याजोगे नाही. गोळी बंद करू नये. भुकटी घ्यावी की न घ्यावी यावर सावकाश बोलता येईल. गोळीचा प्रश्न मात्र त्याच्याशी जोडूच नये.

अळंबी हा विषय आपल्या घरांत तसा नवाच. हैदराबादेतील आपल्या जुन्या देशस्थ घरांत ती शिजत नसे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वर्ज्य पदार्थांमध्ये लसूण-कांद्याच्या पंक्तीला ‘छत्राक’ बसविलेले आहे, आणि स्वयंपाकघराची सत्ता ज्यांच्याकडे होती त्या आज्यांनी मनू न वाचताही तो नियम पाळला. कोकणात आणि गोव्यात मात्र पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंबीची लोक वाट पाहत असतात. विदर्भात तिला सात्या म्हणतात. आपले तेलुगू शेजारी तिला पुट्टगोडुगु म्हणतात. पुट्ट म्हणजे वारूळ आणि गोडुगु म्हणजे छत्री. वाळवी आपल्या वारुळात हे कवक खरोखरच जोपासते, तेव्हा या एका शब्दात निम्मे वनस्पतिशास्त्र आले म्हणावयास हरकत नाही. आता रैतू बाजारात पांढऱ्या बटण-अळंबीचे पाकीट सहज मिळते आणि नव्या सुना ती मटारात घालून करतात.

पण औषधी म्हणून जिचा बोलबाला आहे ती अळंबी या कुळाचार-मोडत्या भाजीहून निराळी. ती बहुधा लाकडासारखी कठीण असते आणि झाडाच्या बुंध्याला एखाद्या फळीसारखी चिकटून वाढते. चिनी लोक जिला लिंगझी आणि जपानी लोक रेशी म्हणतात ती गॅनोडर्मा याच जातीची. गंमत अशी की, गॅनोडर्माचेच काही भाईबंद गोदावरीकाठच्या नारळबागांत झाडांची मुळे आणि बुंधे कुजवितात; तेथील शेतकरी या नावाला रोग म्हणून ओळखतात, आणि शहरात तेच नाव सोनेरी अक्षरांत डबीवर छापलेले दिसते.

आपल्याकडेही अशा अळंबीचा औषधात वापर होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सह्याद्रीच्या पट्ट्यात फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारे एक कठीण कवक फणसंबा किंवा फणसअळंबे या नावाने वैद्यांकडे आणि काष्ठौषधींच्या दुकानांत मिळत आले आहे. लहान मुलाची लाळ फार गळत असेल तर ते सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावीत, जुलाबावरही देत. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी १९९३ साली एका सहकाऱ्यासह या लोकवैद्यकाची शास्त्रीय नोंद करून ठेवली आणि हे कवक फेलिनस वर्गातील असल्याचे दाखविले. पुढे केरळात त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात फेलिनस आणि गॅनोडर्मा या दोहोंच्या अर्कांवर प्रयोग झाले, आणि प्रयोगशाळेतील उंदरांच्या गाठींवर त्यांचा परिणाम दिसला. हे काम मोलाचे आहे. पण उंदराची गाठ आणि काचीगुड्याच्या भगिनी यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे, आणि सहाणेवर उगाळणाऱ्या आजीने तरी कर्करोगाचा दावा कधी केला नव्हता.

हे अंतर तोडण्याचा खरा प्रयत्न जपानने केला. एका रासायनिक कारखान्यातील संशोधकाच्या शेजाऱ्याला पोटाचा कर्करोग झाला होता, तो झाडावरच्या अळंबीचा काढा घेऊन सुधारला, आणि त्यावरून त्या संशोधकाचे कुतूहल जागे झाले, अशी तेथे कथा सांगतात. कथेचे सोडून देऊ. पुढचे काम मात्र कसोशीचे होते. ट्रॅमेटीस नावाच्या, रंगीत वलयांच्या एका कवकापासून प्रथिन आणि बहुशर्करा यांचे संयुग वेगळे काढण्यात आले. क्रेस्टिन या नावाने ते औषध १९७७ साली जपानमध्ये मान्य झाले. गोरो चिहारा यांनी १९६९ साली शिटाके अळंबीतून लेंटिनान वेगळे केल्याचे जाहीर केले होते; तेही १९८५ च्या सुमारास पोटाच्या कर्करोगासाठी औषध झाले.

क्रेस्टिनचा सर्वांत चांगला पुरावा १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले २६२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नुसती केमोथेरपी आणि निम्म्यांना केमोथेरपीच्या जोडीला क्रेस्टिन देण्यात आले. पाच वर्षांनी पहिल्या गटातील ६० टक्के आणि दुसऱ्या गटातील ७३ टक्के रुग्ण हयात होते. हा फरक क्षुल्लक नव्हे. अळंबीत काहीच नाही असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत.

आणि अळंबीत सर्व काही आहे असे म्हणणाऱ्यांनी पुढचेही वाचावे. त्या चाचणीत दुसऱ्या गटाला औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी देऊन तुलना केलेली नव्हती. जपानी सरकारने १९८९ साली या औषधाची फेरतपासणी केली आणि ते एकटे न वापरता केमोथेरपीबरोबरच वापरावे, असे बंधन घातले. लेंटिनान तर शिरेतून टोचावयाचे औषध होते, कारण तो मोठा रेणू पोटातून रक्तात फारसा पोहोचत नाही. त्यामुळे लेंटिनानची कीर्ती शिटाकेच्या भाजीला किंवा कॅप्सूलला लागू होत नाही. अधिक चांगली औषधे येत गेली तशी या दोहोंची मागणी घटली आणि २०२० उजाडण्यापूर्वीच त्यांचे उत्पादन जपानमध्ये थांबले. आज विक्रेते ज्या जपानचा दाखला देतात, तेथील रुग्णालयांत ही औषधे मिळत नाहीत.

आता जाऊबाईंच्या डबीकडे वळू. तीत बहुधा गॅनोडर्मा असावा, कारण आपल्या शहरात ओळखीपाळखीतून, भिशीतून आणि हळदीकुंकवातून साखळीने विकला जाणारा माल बहुतेक तोच असतो. गॅनोडर्मावरील माणसांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला; त्याची सुधारित आवृत्ती २०१६ ची आहे. पाच चाचण्या आणि ३७३ रुग्ण, एवढीच सामग्री निकषांस उतरली. केमोथेरपी वा किरणोपचारांच्या जोडीला गॅनोडर्मा घेणाऱ्यांत उपचाराला मिळणारा प्रतिसाद थोडा बरा दिसला, रक्तातील काही पांढऱ्या पेशींचे प्रमाणही वाढलेले दिसले. पण त्याने आयुष्य वाढते किंवा रोग परत येत नाही, असे म्हणण्यास आधार मिळाला नाही, आणि मूळ उपचाराच्या जागी तो वापरावा असे तर कोठेच निघाले नाही. उपचार संपलेल्या, घरी बऱ्या असलेल्या माणसाचा प्रश्न त्या चाचण्यांत नव्हताच.

शिवाय डबीवर लिहिलेले डबीत असतेच असे नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या १९ गॅनोडर्मा-उत्पादनांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी पाचच लेबलाला जागली. आपल्याकडे अशी उत्पादने औषध म्हणून नव्हे, तर अन्नपूरक म्हणून विकली जातात, आणि २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा अन्नपूरकांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापावे लागते. वाचकांनी घरातील डबी उलटी करून, लागल्यास भिंग घेऊन, ते वाक्य शोधावे. कर्करोग बरा करण्याची वा टाळण्याची जाहिरात करणे हा आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच तो दावा छापील कागदावर नसतो, चहाच्या कपाबरोबर तोंडी केला जातो.

‘प्रतिकारशक्ती वाढते’ या शब्दांविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपण ही शक्ती घागरीतल्या पाण्यासारखी समजतो: कमी झाली, ओतली, भरली. वस्तुतः ती फौजेसारखी आहे, आणि फौजेत शिपाई किती याहून ते कोणावर चालून जातात हे महत्त्वाचे असते. कवकाच्या पेशीभित्तीत बीटा-ग्लुकान नावाची बहुशर्करा असते. आपल्या पांढऱ्या पेशींवर तिला ओळखणारी एक कडी असते, ती २००१ साली शास्त्रज्ञांना सापडली. ही कडी निसर्गाने ठेवली ती बुरशीचा संसर्ग ओळखण्यासाठी. म्हणून अळंबीचा अर्क दिला की प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी खडबडून जाग्या होतात. परंतु कर्कपेशी ही बाहेरून आलेली बुरशी नव्हे, ती आपल्याच घरातील फितूर आहे, आणि जाग्या झालेल्या शिपायाला ती शत्रू वाटेलच असे नाही. २०१८ चे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांच्या संशोधनाचे मर्म हेच होते की, कर्करोगात प्रतिकारपेशींना लावलेले लगाम सैल करावे लागतात. नुसता चाबूक ओढून भागत नाही. आणि ज्याला रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला, त्याच्या बाबतीत तर फौजच बिघडलेली असते. तेथे काय वाढवावयाचे? अस्थिमज्जा-रोपण झालेल्यांनी, किंवा लगाम सैल करणारी नवी औषधे चालू असणाऱ्यांनी, असली भुकटी डॉक्टरांना विचारल्याखेरीज तोंडात घालू नये.

‘नैसर्गिक आहे, फायदा नाही झाला तरी अपाय नाही,’ हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा धसकाच घेतला आहे. गॅनोडर्माच्या भुकटीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंड येथून आलेल्या आहेत. अॅगॅरिकस नावाच्या अळंबीचा अर्क घेणाऱ्या तीन कर्करुग्णांना यकृताचा तीव्र विकार झाला आणि त्यांपैकी दोघे दगावले, अशी नोंद जपानी डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केली. असे प्रसंग विरळा, हे खरे. परंतु केमोथेरपीची कित्येक औषधे यकृतातूनच पार व्हावयाची असतात, आणि यकृताची तपासणी बिघडलेली आली की डॉक्टर चालू उपचारच थांबवितात. भुकटीचे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. गॅनोडर्माने रक्त गोठण्याची क्रियाही थोडी मंदावू शकते. शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ही गोष्ट किरकोळ राहत नाही. हिमालयातून येणाऱ्या, सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या कीडाजडीविषयी चीनच्याच औषध-प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला होता. तपासलेल्या मालात एका किलोस ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक आढळले होते, आणि तेथील मर्यादा एक मिलिग्रॅमची.

तथापि माझ्या मते भुकटीचा सर्वांत मोठा अपाय तिच्या आत नसतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांबरोबर पूरक उपचारही घेणारे २५८ रुग्ण आणि पूरक उपचार न घेणारे १०३२ रुग्ण यांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका दुपटीने अधिक निघाला. भुकटी, काढे यांनी विषबाधा झाली असे नव्हे. कारण असे दिसले की, पूरक उपचार घेणारी माणसे हळूहळू मुख्य उपचारांतील एखादा भाग नाकारतात. हार्मोनविरोधी गोळ्या नाकारणाऱ्यांचे प्रमाण एका गटात २.८ टक्के होते, दुसऱ्यात ३३.७ टक्के. काचीगुड्याच्या भगिनींच्या पत्रातील ‘गोळीऐवजी’ हा एक शब्द त्या ३३.७ टक्क्यांच्या दाराशी उभा आहे.

लेट्रोझोल काय करते ते त्यांना कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. पाळी गेल्यावरही स्त्रीच्या शरीरात, विशेषतः मेदात, थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. स्तनाच्या पुष्कळशा कर्करोगांना ते खाद्य पुरविते. लेट्रोझोल हे खाद्य तोडते. दृष्टीआड उरलेल्या एखाद्या पेशीला उपाशी ठेवते. या उपासाचाच दुसरा परिणाम म्हणून सांधे धरतात आणि हाडे विरळ होतात. म्हणजे ज्या दुखण्याने त्या त्रासल्या आहेत ते गोळीचे ठाऊक असलेले दुखणे आहे आणि त्यावर इलाज आहे. हाडांची घनता तपासून घ्यावी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पाहावे, रोज चालावे. आणि इतके करूनही सहन होत नसेल तर त्याच कामाची दुसरी गोळी डॉक्टर देऊ शकतात. पण हे सारे, तपासणीच्या दिवशी ‘कसे आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ असे उत्तर न देण्यावर अवलंबून आहे.

त्यांच्या पत्रातील ‘आपल्यासाठी कोणी काही करीत नाही’ हे वाक्य मला भुकटीहून अधिक महत्त्वाचे वाटते. उपचार चालू असतात तेव्हा माणूस रोज कोठे तरी जात असतो. सुई असते, यंत्र असते, हातावर नंबर असतो, ओळखीच्या झालेल्या परिचारिका असतात. लाल टेकडीवरच्या मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालयाच्या आवारात सकाळी उभे राहिले तर ही गजबज दिसते. १९५५ साली ते सुरू झाले तेव्हापासून तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक या तिन्ही बाजूंचे लोक तेथे आले. (ज्यांचे नाव त्याला आहे ते मेहदी नवाज जंग पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झाले.) मग एके दिवशी सांगण्यात येते की, आता सहा महिन्यांनी या. ज्या दिवशी पेढे वाटावयाचे त्याच दिवशी रुग्णाला निराधार वाटू लागते. काहीतरी करावे, रोज करावे, स्वतःच्या हाताने करावे, ही इच्छा पूर्णपणे निरोगी आहे. डबी तिच्यावर जगते.

तेव्हा करावयाचे काय? चालावे, हे उत्तर फुकटचे असल्यामुळे कोणाला खरे वाटत नाही. २०२५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या ८८९ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकासह नियमित व्यायाम करविला, दुसऱ्याला आरोग्याविषयी पुस्तिका दिली. पाच वर्षांनी रोग परत न येता हयात असणारे व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, तर पुस्तिकेच्या गटात ७३.९ टक्के होते. ही चाचणी आतड्याच्या कर्करोगाची आहे, स्तनाच्या नव्हे. पण सांध्यांसाठी तरी चालणे त्यांना सांगितलेलेच आहे, आणि काचीगुड्याहून उस्मानिया विद्यापीठाचे सावलीचे रस्ते दूर नाहीत. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून, ही प्रतिकारशक्तीला खरोखर नेमका शत्रू दाखविणारी वस्तू आहे. तिची कोणी साखळी-विक्री करीत नाही.

आणि अळंबी? खुशाल खावी. भाजी म्हणून ती उत्तम. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची जी कोष्टके काढली त्यांत अळंबीला स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. ताज्या अळंबीत सुमारे नऊ-दशांश पाणीच असते. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने तीनेक ग्रॅम. तेवढी किंवा त्याहून अधिक, म्हणजे सातेक ग्रॅम, तीस ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात. तेव्हा अशक्तपणा भरून काढण्याचा भार तिच्यावर न टाकता डाळ, दूध, अंडी चालू ठेवावीत. चिरलेली अळंबी शिजविण्यापूर्वी थोडा वेळ दुपारच्या उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होते, हा तिचा गुण फार थोड्यांना ठाऊक आहे. कच्ची मात्र खाऊ नये, विशेषतः शिटाके. अर्धीकच्ची खाल्ल्याने अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे पुरळ उठते, आणि हा विकार प्रथम जपानी डॉक्टरांनीच १९७७ साली वर्णिला. रानातली, ओळख न पटलेली अळंबी कोणीच खाऊ नये. केमोथेरपी चालू असता पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा सर्वच अन्न ताजे आणि पुरते शिजलेले हवे.

राहिल्या जाऊबाई. त्या लबाड आहेत असे मी समजत नाही. बहुधा त्यांनीही आधी स्वतःचे पैसे गुंतविले असतील आणि भुकटीवर त्यांचा मनापासून विश्वास असेल. त्यांना असे सांगावे की, डबीचे लेबल पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवीन आणि त्यांनी लिहून दिले तर घेईन. नात्यात नकार देण्याचा भार एवढ्याने डॉक्टरांच्या खांद्यावर जातो. त्यांना त्याची सवय असते. एखादी डबी आधीच घेतलेली असली तर तीही पिशवीत घालून न्यावी, आणि केव्हापासून, किती चमचे, हे कागदावर लिहून न्यावे. वाटखर्च सोडला तर महिन्याच्या साडेचार हजारांतून हाडांची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी, दोन्हींना पुरेल इतके पैसे उरतील असा माझा अंदाज आहे.

याच भगिनींनी पत्राच्या मागच्या बाजूस हळदीच्या कॅप्सूलविषयीही विचारले आहे. लेट्रोझोल घेणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी त्याविषयी काय लक्षात ठेवावे, ते पुढील अंकी पाहू.